संपाचे नाट्य आणि वेतनाचे गणित

कामगारांच्या संपावर मराठीत लिहिलेच गेले नाही, अशी तक्रार कोणास करता येणार नाही. मामा वरेरकरांनी १९३० च्या दशकातच 'धावता धोटा' ही कादंबरी आणि 'सोन्याचा कळस' हे नाटक लिहून मुंबईचा गिरणी कामगार मध्यमवर्गीय वाचक-प्रेक्षकांसमोर आणला. अण्णा भाऊ साठे यांनी शाहिरीतून आणि नारायण सुर्वे यांनी 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) व 'माझे विद्यापीठ' (१९६६) या संग्रहांतून त्याला स्वतःचा आवाज दिला. कामगार चळवळीत प्रत्यक्ष काम केलेल्या भाऊ पाध्ये यांची पहिली कादंबरी 'डोंबाऱ्याचा खेळ' (१९६०) कामगार संघटनेच्या व्यवहारावरच उभी आहे. आणि १९८२ च्या संपाने उद्ध्वस्त झालेल्या गिरणगावाचे चित्र जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकाने रंगभूमीवर आणले. पुढे २०१० मध्ये महेश मांजरेकर यांनी त्याच नाटकावरून 'लालबाग परळ' हा चित्रपट काढला.

ही परंपरा लहान नाही आणि सामान्यही नाही. तरीही तिच्याविषयी एक प्रश्न आम्हांस विचारावासा वाटतो. एवढे सारे वाचून व पाहून झाल्यावर कामगाराचे वेतन कसे ठरते, हे वाचकाच्या ध्यानात येते काय? संप का होतो, तो कधी यशस्वी होतो आणि कधी फसतो, याची काही उमज पडते काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. मोर्चा, उपासमार, पुढाऱ्याचा दबदबा, मोडलेली घरे हे सर्व आपल्या साहित्यात आहे. ज्या टेबलाभोवती वेतनाचा सौदा होतो, ते टेबल मात्र त्यात क्वचितच दिसते. ही उणीव केवळ माहितीची असती तर ती सांगण्यास वृत्तपत्रे पुरेशी होती. परंतु तिच्यामुळे शोकांतिकेचा अर्थच बदलतो, असे आमचे मत असल्याने साहित्याच्या या पानांवर तिची चर्चा करणे आम्हांस योग्य वाटते.

प्रथम गणिताचा भाग थोडक्यात पाहू. वेतन हा मालक आणि नोकर यांच्यातील करार आहे, असे कायदा सांगतो. परंतु हे दोन पक्ष सारख्या बळाचे नसतात, हे ॲडम स्मिथने १७७६ मध्येच नोंदवून ठेवले आहे. काम बंद पडले तर मालक साठविलेल्या भांडवलावर वर्ष-दोन वर्षे काढू शकतो. बहुतेक कामगारांना आठवडाही काढणे कठीण जाते. म्हणजे वेतनाच्या झगड्यात खरा प्रश्न 'कोण किती काळ थांबू शकतो' हा आहे. एकटा कामगार थांबू शकत नाही, म्हणून तो इतरांशी संघटना करतो. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा भरवून मागण्या मांडल्या आणि १८९० मध्ये रविवारची साप्ताहिक सुटी मिळविली, ती याच समजुतीवर. पुढे इंग्लंडात सिडनी आणि बिॲट्रिस वेब या दांपत्याने १८९७ च्या आपल्या ग्रंथात या सामुदायिक वाटाघाटींचे शास्त्रच मांडले.

याच विचाराला १९३२ मध्ये जॉन हिक्स या अर्थशास्त्रज्ञाने अधिक नेमके रूप दिले. त्याचे म्हणणे सोप्या शब्दांत असे : संप जितका लांबण्याची भीती, तितकी मालकाची अधिक देण्याची तयारी, आणि संप जितका लांबतो, तितकी कामगाराची कमीवर मान्य होण्याची तयारी. या दोन रेषा जेथे मिळतात तेथे करार होतो. दोन्ही पक्षांना एकमेकांच्या रेषा ठाऊक असतील तर संप होण्याचे कारणच उरत नाही. संप होतो तो बहुधा एका पक्षाचा अंदाज चुकल्यामुळे. याला आल्फ्रेड मार्शलच्या विवेचनाची जोड द्यावयास हवी. कामगाराची सौदाशक्ती केवळ त्याच्या एकजुटीवर ठरत नाही. त्याच्या श्रमातून निघणाऱ्या मालाला पर्याय आहे की नाही, यावरही ती ठरते. पर्याय सहज उपलब्ध असेल तर एकजूट कितीही भक्कम असली तरी मालकाचे थांबणे स्वस्त पडते.

आता हे गणित हाती घेऊन १९८२ कडे पाहावे. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून पेटलेल्या असंतोषातून गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे गेले आणि १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईतील सुमारे अडीच लाख कामगारांनी काम बंद केले. डॉ. सामंतांनी त्यापूर्वी अभियांत्रिकी आणि रसायन उद्योगांतील कारखान्यांत भरघोस पगारवाढी मिळवून दिल्या होत्या. कामगारांचा त्यांच्यावरील विश्वास आंधळा नव्हता. त्यामागे शेजाऱ्याच्या वाढलेल्या पगाराचा पुरावा होता. परंतु त्या कारखान्यांची स्थिती निराळी होती. तेथे नफा मोठा होता, मालाला मागणी होती आणि कारखाना एक दिवस बंद राहिला तरी नुकसान जबर होते. म्हणून तेथील मालकाची रेषा लवकर वर चढली.

कापडगिरण्यांत यांतील एकही अट पुरी होत नव्हती. यंत्रे जुनी झाली होती, तयार मालाचे साठे गोदामांत पडून होते आणि भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमाग गिरणीपेक्षा स्वस्तात कापड विणू लागले होते. इचलकरंजी आम्हां धारवाडकरांना परकी नाही. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग आणला, ही गोष्ट उद्यमशीलतेचा नमुना म्हणून कौतुकाने सांगितली जाते आणि ते कौतुक रास्तही आहे. परंतु त्याच यंत्रमागांवर नगावर मजुरी घेणारा, हजेरीपटावर नाव नसलेला विणकर हा मुंबईच्या संघटित विणकराचा पर्याय ठरला, हे सांगावयाचे राहून जाते. शिवाय परळ-लालबागची जमीन गिरणीपेक्षा मोलाची होत चालली होती. ज्या मालकाला कारखाना बंद राहणे परवडते, किंबहुना बंद राहिल्यास बरेच वाटते, त्याच्याविरुद्ध संपाचे हत्यार उगारण्यात काय बळ उरते? मार्शलच्या पुस्तकातून काढलेले उदाहरण वाटावे, अशी ही परिस्थिती होती.

दुसरी अडचण कायद्याची होती. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ अन्वये एखाद्या भागातील उद्योगात निदान पंचवीस टक्के कामगार सभासद असलेल्या संघटनेस 'प्रातिनिधिक संघ' म्हणून मान्यता मिळे आणि वाटाघाटीचा हक्क तिच्याकडेच राही. ही मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. अडीच लाख कामगार ज्याच्या मागे होते त्या पुढाऱ्यास टेबलाशी खुर्ची नव्हती, आणि ज्या संघाकडे खुर्ची होती त्याच्यामागे कामगार नव्हते. ही मान्यता रद्द व्हावी, ही संपाची एक मुख्य मागणी होती. ती सरकारने मानली नाही. हिक्सच्या दोन रेषा जेथे मिळावयाच्या, ते टेबलच उलथून ठेवलेले होते. त्यामुळे हा संप रीतसर मागे घेतला गेल्याची घोषणा कधी झालीच नाही. तो विरत गेला. १९८३ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने मुंबईतील तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले, तोवर हजारो कामगार कायमचे बाहेर फेकले गेले होते.

या पार्श्वभूमीवर 'अधांतर' वाचावयास घ्यावे. डॉ. सामंतांची हत्या ज्या वर्षी झाली, त्याच १९९७ मध्ये हे नाटक आले. गिरणगावातील चाळीची एक खोली, एक आई आणि तिची मोठी झालेली मुले, एवढाच त्याचा संसार. एकाला लेखक व्हावयाचे आहे, एकाचे मन क्रिकेटमध्ये गुंतले आहे, एक टोळीच्या वाटेला लागला आहे. मुलीची स्वप्ने त्या खोलीत मावत नाहीत. संप रंगमंचावर होत नाही. तो होऊन गेलेला आहे आणि तरी संपलेला नाही. सर्व पात्रे कशाची तरी वाट पाहत आहेत. आमच्या मते या नाटकाचे मोठेपण यातच आहे. 'थांबणे' म्हणजे काय, हे मराठीत इतक्या नेमकेपणाने क्वचितच लिहिले गेले असेल. हिक्सच्या आकृतीत कामगाराची रेषा कागदावर सरळ खाली उतरते. ती उतरताना घरात काय काय मोडते, आईचा आवाज कसा चढतो, भाऊ भावाला काय बोलतो, कोण कोणाच्या ताटाकडे पाहतो, हे पवारांनी दाखविले. अर्थशास्त्राला हे जमत नाही आणि ते त्याचे कामही नव्हे.

परंतु नाटकात रेषा एकच आहे. मालकाचे थांबणे त्या खोलीत शिरत नाही. ते स्वस्त का होते, कापड दुसरीकडे कोण विणत होते, वाटाघाटीचा हक्क कोणाकडे अडकला होता, यांपैकी काहीच नाटकाच्या रचनेत कारण म्हणून उभे राहत नाही. परिणाम असा होतो की प्रेक्षक ती पडझड पाहून हळहळतो आणि बाहेर पडताना म्हणतो, नशिबाचा खेळ. काहीजण म्हणतात, पुढाऱ्याने घात केला. दोन्ही उद्गार एकाच अज्ञानातून येतात. कारणे दिसली नाहीत की मनुष्य एकतर दैवाला किंवा एखाद्या व्यक्तीला बोल लावतो.

यावर आक्षेप येईल, तो आम्हांस ठाऊक आहे. नाटक म्हणजे अर्थशास्त्राचे क्रमिक पुस्तक नव्हे. लेखकाने चाळीतील खोली निवडली तर त्या खोलीत जे दिसते तेच तो दाखविणार. आक्षेप वजनदार आहे आणि त्यातील पहिले विधान आम्हांस पूर्ण मान्य आहे. पवारांकडून ताळेबंदाची आकडेवारी कोणी मागत नाही. दुसऱ्या विधानाबाबत मात्र आमचे निराळे मत आहे. त्या खोलीत गणित पोहोचत नव्हते, असे समजणे हा कामगारावर अन्याय आहे. महागाई भत्त्याचा आकडा, बदली कामगाराचे भरलेले दिवस, खानावळीची उधारी, गावाकडून आलेले तांदूळ, प्रातिनिधिक संघाची वर्गणी पगारातून कापावयाची की नाही, याच गोष्टींची चर्चा गिरणगावात रात्रंदिवस चाले. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या तोंडून ऐकून संकलित केलेला गिरणगावाचा मौखिक इतिहास २००४ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यातील माणसे आपल्या परिस्थितीविषयी किती हिशेबी आणि विचारपूर्वक बोलतात, हे पाहण्यासारखे आहे. साहित्याने त्यांचे दुःख घेतले; त्यांची हिशेबाची बुद्धी मात्र मागे ठेवली.

खानावळीचाच मुद्दा घ्या. मुंबईत एकट्याने राहणारा कामगार ज्या बाईकडे जेवत असे, तिचे पैसे तो पगार झाल्यावर देई. संप लागला की तो उधारीवर जेवे. म्हणजे संपाला लागणारे भांडवल पुढाऱ्याच्या भाषणातून येत नव्हते. ते या बायांच्या डब्यांतून येत होते, आणि त्या स्वतः ते सावकाराकडून व्याजाने उचलत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, त्याचे महत्त्व येथे आहे. कोकणातील आणि घाटावरील शेतीचा तुकडा हे दुसरे भांडवल. १९८२ मध्ये असंख्य कामगार रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतील आपल्या गावी परतले आणि म्हणूनच संप इतका लांबू शकला. खानावळवाली आणि गावाकडची शेती यांना मध्यवर्ती ठेवणारी, 'संपाचा खर्च कोणी भरला' असे विचारणारी मोठी कादंबरी कोणी लिहिली तर ती मराठीला हवी आहे.

आणखी एक गोष्ट. 'सामुदायिक' वाटाघाटी म्हणताना समुदायात कोण कोण मोजले गेले, हा प्रश्नही साहित्याने विचारावयास हवा. गिरणीतील विणकामाचे खाते अधिक पगाराचे. तेथे धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून विटाळाच्या कल्पनेने अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात प्रवेश नसे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. पुढे ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध झालेल्या संपात तेच कम्युनिस्टांबरोबर उभे राहिले. या दोन प्रसंगांत विसंगती नाही. संपाचा हक्क त्यांना मान्य होता. परंतु एकजुटीच्या पोटात दडलेली वेतनाची उतरंड झाकून ठेवणे त्यांना मान्य नव्हते. स्त्रियांचेही तसेच. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा असलेल्या स्त्रिया पुढील दशकांत जवळजवळ नाहीशा झाल्या. आपल्या साहित्यातील 'कामगार' हा शब्द बहुधा पुरुषाचे, आणि तेही स्पृश्य पुरुषाचे, चित्र उभे करतो. सुर्व्यांची कविता ही मर्यादा ओलांडू पाहते, कारण तिच्यात गिरणीच्या दाराबाहेरची माणसेही येतात. भाऊ पाध्यांचे श्रेय निराळे. संघटनेच्या आतल्या व्यवहाराकडे भाबडेपणा टाकून पाहण्याचे धैर्य त्यांनी १९६० मध्येच दाखविले. त्या वाटेने पुढे फारसे कोणी गेले नाही.

मुंबईच्या या गोष्टी मळमड्डीत बसून आम्ही का उगाळतो, असे कोणी विचारील. आमच्या समजुतीने त्याचे कारण आमच्याच घरांत आहे. या भागात आलेली जुनी मराठी घराणी कोणी शाळेत, कोणी कचेरीत, तर अनेक रेल्वेत चाकरीस लागली. सदर्न मराठा रेल्वेचे मुख्य कार्यालय जेथे होते त्याच इमारतीत पुढे कर्नाटक कॉलेज भरू लागले, हे येथील प्रत्येकास ठाऊक आहे. हुबळीच्या रेल्वे कारखान्याच्या भोंग्यावर कित्येक घरांचे दिवस लागत. ही पगारदार माणसे. आणि पगारदार माणसाच्या महागाई भत्त्यामागे, वेतन आयोगामागे, बोनसमागे कोणाच्या तरी वाटाघाटी असतात. ८ मे ते २७ मे १९७४ या काळात देशभरच्या रेल्वे कामगारांचा संप झाला, हजारोंना अटक झाली आणि संप मोडला. तरीही त्यातील बोनसची मागणी १९७९-८० पासून उत्पादकतेशी निगडित बोनसाच्या रूपाने पदरात पडली. बँकांतील कर्मचाऱ्यांचे पगार १९६६ पासून संघटना आणि बँका यांच्यातील द्विपक्षीय कराराने ठरत आले आहेत. बारावा करार ८ मार्च २०२४ रोजी झाला. ज्यांच्या निवृत्तिवेतनात या करारांचा वाटा आहे, अशी घरे आपल्या वाचकांत पुष्कळ आहेत.

तरीही 'युनियनने गिरण्या बुडविल्या' हे वाक्य याच घरांच्या बैठकींत सहजपणे उच्चारले जाते. त्याचे एक कारण आमच्या वाङ्मयीन अभिरुचीतही शोधावे लागेल. येथेच इंग्रजीचे अध्यापन करीत राहिलेल्या जी. ए. कुलकर्णींच्या कथांनी आमच्या पिढ्यांना नियतीकडे पाहावयास शिकविले. तो त्यांच्या प्रतिभेचा स्वभाव होता आणि त्याबद्दल मराठी वाचक त्यांचा ऋणी आहे. परंतु जी. एं.ची नियती माणसाच्या अस्तित्वाविषयी बोलते. ती पगारपत्रकाला लावता येत नाही. अधिनियमातील पंचवीस टक्क्यांची अट माणसांनी लिहिली होती, यंत्रमागाची मजुरी माणसांनी ठरविली होती आणि गिरण्यांच्या जमिनीचे नियम १९९१ मध्ये आणि पुन्हा २००१ मध्ये माणसांनीच बदलले. जे माणसांनी केले त्यास नियती म्हणणे हा रसिकतेचा दुरुपयोग आहे.

हा विषय जुना झाला, असेही म्हणवत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० देशात लागू झाली आहे. तिच्यानुसार आस्थापनेत एकाहून अधिक संघटना असल्यास ज्या संघटनेकडे एक्कावन्न टक्के वा अधिक कामगार असतील ती एकमेव वाटाघाटी संघटना ठरते. तसे कोणी नसेल तर किमान वीस टक्के पाठिंबा असणाऱ्या संघटनांना वाटाघाटी परिषदेत स्थान मिळते. बहुमताची ही अट १९८२ मध्ये मुंबईत असती तर टेबलाशी निदान खरा प्रतिनिधी बसला असता, हे कबूल केले पाहिजे. दुसरीकडे संपापूर्वी चौदा दिवसांची नोटीस आता सर्व उद्योगांना बंधनकारक झाली आहे, आणि नोटिशीच्या त्या मुदतीत दुसऱ्या पक्षाला साठा करून ठेवण्यास अवधी मिळतो. म्हणजे एका हाताने खुर्ची दिली आणि दुसऱ्या हाताने थांबण्याचे बळ घटविले. याचा जमाखर्च काय निघेल, ते पुढील वर्षांत दिसेल. कारखान्याच्या दाराशी कंत्राटावर उभा असलेला आणि दुचाकीवरून घरोघर जिन्नस पोहोचविणारा तरुण यांना तर अद्याप टेबलच सापडलेले नाही.

त्या तरुणाची कथा उद्या कोणी मराठीत लिहील. कदाचित आपल्याच हुबळी-धारवाडातील कोणी लिहील. त्या लेखकाकडे आमची मागणी माफक आहे. त्याने त्या तरुणाचे दुःख लिहावेच. परंतु दर फेरीमागे मिळणारा आकडा कोण ठरवितो, तो नाकारल्यास कोणाचे किती बिघडते आणि त्या तरुणाच्या घरात किती दिवसांचे धान्य आहे, हेही त्याने विचारून घ्यावे. 'अधांतर'ने थांबण्याची एक बाजू पूर्णपणे लिहून ठेवली आहे. दुसरी बाजू लिहावयाची राहिली आहे, आणि तोवर ती समजून घेण्याची जबाबदारी वाचकांवर, म्हणजे आपल्यावर आहे.